पडद्यावरील किमया आणि चालता माणूस

सुमारे तीस वर्षांपूर्वी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पाहुणे आले की चहा-पोह्यांनंतर लग्नाची कॅसेट लावण्याचा प्रघात होता. आमच्या परिचयातील एका घरची कॅसेट आम्ही इतक्या वेळा पाहिली आहे की कोणता मामा कोणत्या क्षणी कॅमेऱ्याकडे वळून पाहतो हेही आम्हांस पाठ झाले आहे. त्या कॅसेटमध्ये शूटिंगवाल्याने मोठी हौस केली होती. पडद्याच्या मधोमध बदामाच्या आकाराची एक चौकट, तिच्याभोवती गुलाबाची फुले, आणि बदामाच्या आत नवरीचा चेहरा. नवरी पाटावर बसलेली असेतो सारे ठीक चालते. पुढे ती थोरांच्या पाया पडण्यासाठी वाकते आणि चेहरा बदामातून खाली निसटतो. मग पुष्कळ वेळ त्या बदामात मांडवाचा खांब आणि खांबाला बांधलेला पंखा एवढेच दिसत राहते. घरची मंडळी दर वेळी हसतात.

शूटिंगवाल्याचा त्यात काही अपराध नव्हता. ज्या यंत्रावर तो 'मिक्सिंग' करीत असे, त्या यंत्राला बदाम कोठे काढावयाचा हे सांगता येत होते. नवरी कोठे आहे हे त्या यंत्राला ठाऊक नव्हते. आज मेहकरचा किंवा चिखलीचा एखादा मुलगा हातातील मोबाईलवर तेच काम करतो, आणि नवरी मांडवभर हिंडली तरी तिच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट तिच्याबरोबर हिंडतो. ती वाकली की मुकुट वाकतो, ती वळली की मुकुट वळतो. त्या निसटलेल्या बदामापासून या चालत्या मुकुटापर्यंत जे काही घडले त्याची मुळे शंभर-सव्वाशे वर्षे मागे जातात, आणि त्यातील काही मुळे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. तोच आमचा आजचा विषय.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. चलच्चित्राच्या इतिहासातील बराच मोठा काळ किमया माणसाच्या मागे चालत नव्हती. माणूसच किमयेच्या मागे चालत होता. हा क्रम उलटा केव्हा झाला आणि कसा झाला, आणि तो उलटल्यामुळे आपल्या हातचे काय गेले, हे पाहावयाचे आहे.

चित्रपटाच्या आधीच्या काळात हे काम माणूसच करीत असे. पालखीवर अब्दागिरी धरणारा इसम आठवावा. पालखी वळली की त्याने वळावयाचे, थांबली की थांबावयाचे. पाय रस्त्यावर, परंतु नजर पालखीवर. रात्रीच्या मिरवणुकीत मशाल धरणाऱ्याचेही तेच. चालत्या वस्तूबरोबर दुसरी वस्तू बिनचूक चालविणे ही कला आपल्याकडे जुनी आहे. पण तिच्यातील कसबी माणसाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पडद्यावर मात्र ही गोष्ट अवघड होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. मायावी शंबरासुरावरून हे नाव घेतलेले. काचेवर रंगविलेली पौराणिक चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पाडावयाची, आणि काचा हाताने सरकवून त्या चित्रांत हालचालीचा भास उत्पन्न करावयाचा, असा तो खेळ होता. चित्रातील देवाने हात उचलला की पडद्यामागे कोणाची तरी बोटे हललेली असत. त्या बोटांना कथा ठाऊक होती, गाणे ठाऊक होते, आणि कोणत्या ओळीला काच सरकवावयाची तेही ठाऊक होते. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत १८९६ साली आला. त्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

नंतर दादासाहेब फाळके आले. फाळक्यांचे चरित्र येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ते सर्वांस ठाऊक आहे. त्यातील दोनच गोष्टी आमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे ते जादूचे प्रयोग करीत आणि स्वतःचे नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणवीत. दुसरी म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतील मटाराच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म तयार केली. पडद्यावर पाहता पाहता बी रुजते, कोंब फुटतो, वेल चढतो. आम्हांस यात एक गंमत वाटते. या किमयागाराने पहिला विषय निवडला तो असा, की जो हालतो पण कुंडी सोडून जात नाही! ती अक्कलहुशारी होती. कारण ज्याला पाय आहेत अशा विषयाला किमयेत धरणे किती कठीण, हे त्यांना पुढे पावलोपावली अनुभवावे लागणार होते.

'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला. त्यानंतर 'लंकादहन' १९१७ साली, 'श्रीकृष्णजन्म' १९१८ साली आणि 'कालियामर्दन' १९१९ साली. या चित्रपटांतून देव प्रकट होतात, अंतर्धान पावतात, कंसाला जिकडे तिकडे कृष्ण दिसू लागतो. 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन पाण्यात कालियाशी झुंजते. हे सारे कसे करीत? मूळ युक्ती साधी होती. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे काळा पुठ्ठा लावून चौकटीचा अर्धा भाग झाकावयाचा आणि उरलेल्या भागात एक दृश्य टिपावयाचे. मग फिल्म उलटी गुंडाळून मूळ जागी आणावयाची, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावावयाचा, आणि त्याच फिल्मवर दुसरे दृश्य टिपावयाचे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रे. कोणत्या फेऱ्याला देव प्रकटला हे चुकू नये म्हणून फेरे तोंडाने मोजावे लागत.

आता या युक्तीचा जाच कोणावर पडे ते पाहा. पुठ्ठ्याची कड चौकटीत जेथे पडेल तेथे एक अदृश्य भिंत उभी राहते. नटाने ती ओलांडली की त्याचा हात तुटलेला दिसणार. म्हणून जमिनीवर खडूने रेघ मारावयाची आणि नटाला बजावावयाचे की, बाबा, याच्या पलीकडे पाऊल टाकू नकोस. कॅमेरा तर तिवईवर असा रोवावयाचा की वाऱ्यानेही हलू नये. 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. असे दुहेरी पात्र एका चौकटीत समोरासमोर आणावयाचे म्हटले तर दोघांना एकमेकांचा हात धरता येत नाही, हे आता आपल्या ध्यानात येईल. म्हणजे अब्दागिरी जागच्या जागी रोवलेली आणि राजाने तिच्या सावलीत अंग चोरून बसावयाचे, असा तो प्रकार होता.

पुण्याच्या 'प्रभात'मध्ये हे काम फार वरच्या पायरीला गेले. १९३६ चा 'संत तुकाराम', दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठास जातात तो देखावा ज्या पिढीने तंबूतल्या सिनेमात पाहिला, ती पिढी पडद्याला नमस्कार करीत असे. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. १९४० साली त्याच दोघांनी 'संत ज्ञानेश्वर' काढला. त्यातील चालत्या भिंतीकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. भिंत चालली पाहिजे हे खरे, परंतु तिच्यावर बसलेली भावंडेही भिंतीबरोबरच चालली पाहिजेत. भिंत पुढे गेली आणि भावंडे इंचभर मागे राहिली, किंवा भिंत डुलली आणि भावंडे डुलली नाहीत, तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण त्याचा विश्वास तेथल्या तेथे उडेल. डोळा मोठी चूक क्षमा करतो. ही चिकटपणाची चूक क्षमा करीत नाही.

यावर आपल्याकडील एका कसबी माणसाने फार सोपा तोडगा काढला होता. बाबुभाई मिस्त्री हे मूळचे सुरतेचे, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावारूपाला आलेले. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटात अदृश्य माणसाचे प्रसंग होते. काळ्या पडद्यापुढे काळा दोरा दिसत नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर भिस्त ठेवून त्यांनी वस्तू हवेत नाचविल्या, आणि तेव्हापासून लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले. आमच्या मते या विषयाचे अर्धे मर्म त्या दोऱ्यात आहे. दोरा बांधला की वस्तू आणि हात एकमेकांना सोडत नाहीत. हात वळला की वस्तू वळते. पुढील पन्नास वर्षे जगभरातील तंत्रज्ञ जे शोधीत होते, ते म्हणजे कधीही न दिसणारा दोरा होय.

सातासमुद्रापलीकडे निराळे प्रयत्न चालले होते. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ साली असे यंत्र केले की चित्रित माणसाची एकेक फ्रेम काचेवर खालून पडावी आणि चित्रकाराने तिच्यावर कागद ठेवून रेघ ओढावी. त्यांचा भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून नाचला आणि त्याच्यावरून कागदावरचा विदूषक तयार झाला. येथे प्रथमच किमया माणसाच्या मागे चालली. माणूस मोकळा नाचला आणि रेघेने त्याचा पाठलाग केला. परंतु किंमत काय? बोलपटाच्या वेगाने सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे एका मिनिटाला चौदाशे चाळीस. ज्याने हे काम केले आहे त्याच्या मानेला विचारावे.

दुसरा मार्ग चालत्या पुठ्ठ्याचा. फाळक्यांच्या वेळचा पुठ्ठा एका जागी बसलेला असे. आता माणसाच्याच आकृतीचा पुठ्ठा प्रत्येक फ्रेमला नवा, फिल्मवरच रसायनांनी तयार करावयाचा. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्ये निळ्या पडद्यापुढे नट उभे करून हे काम रंगीत फिल्मवर साधले. त्यात आपला म्हैसूरचा साबू होता, हे सांगण्यास हरकत नाही. तथापि येथेही नटाला निळ्या पडद्यापुढेच राहावे लागे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये गणकयंत्राने चालविलेला कॅमेरा तीच वळणे पुनःपुन्हा बिनचूक घेऊ लागला. कॅमेरा सुटला, पण त्याची वाट आधी आखून द्यावी लागे.

खरा उलटापालट करणारा शोध सिनेमासाठी लागलाच नाही. १९८१ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रूस लुकास आणि मूळचे जपानचे ताकेओ कानादे यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तशी दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून यंत्राला कळावी, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी एका चित्रातील लहानसा चौकोन दुसऱ्या चित्रात कोठे सरकला हे झटपट हुडकून काढावयाचे होते. दोन कॅमेऱ्यांऐवजी एकाच कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन फ्रेमा घेतल्या, की तीच पद्धत पाठलागाची होते.

ती कशी चालते हे लग्नमंडपातच समजून घेऊ. नवरीच्या पैठणीवर यंत्राला एक लहानसा चौकोन नेमून द्यावयाचा आहे. यंत्राला पैठणी कळत नाही, नवरीही कळत नाही. त्या चौकोनात कोठे उजळ आणि कोठे काळोखे, एवढेच आकडे त्याला कळतात. पुढच्या फ्रेममध्ये आसपास थोडे सरकून पाहावयाचे आणि तेच आकडे जेथे जुळतील तेथे खूण करावयाची, एवढा त्याचा धंदा. आता चौकोन जर पैठणीच्या साध्या अंगावर ठेवला तर यंत्र गोंधळते, कारण इकडे सरकले काय आणि तिकडे सरकले काय, रंग तोच. काठाच्या सरळ रेघेवर ठेवला तर आडवे सरकणे कळते, पण काठाच्या लांबीने ते घसरत जाते. पदराच्या कोपऱ्यावर, मोराच्या चोचीवर ठेवला तर मात्र घट्ट बसते. कारण तेथे दोन्ही दिशांना फरक आहे. चांगली पकड देणारे बिंदू कसे निवडावेत यावर शी आणि तोमासी या दोघांनी १९९४ साली स्वतंत्र निबंध लिहिला आहे. एक बिंदू धरला तर वस्तूची जागा कळते. दोन धरले तर तिचे वळणे आणि जवळ-दूर होणे कळते. चार कोपरे धरले तर चालत्या एस. टी. वरची पाटी बदलून तेथे दुसऱ्या गावाचे नाव चिकटविता येते, आणि गाडी वळली तरी नाव वळणाबरोबर तिरपे होते.

हा दोराही तुटतो, बरे का! शेगावहून दरवर्षी गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. त्या वाटचालीतील एका वारकऱ्याच्या पांढऱ्या टोपीवर यंत्राला लक्ष ठेवावयास सांगा. दहा पावले ठीक जाईल. मध्येच कोणाची पताका आडवी आली की टोपी दिसेनाशी होते, आणि पताका दूर झाल्यावर यंत्र मोठ्या निष्ठेने शेजारच्या वारकऱ्याची टोपी धरून चालू लागते. त्याच्या लेखी टोपीला टोपी सारखीच. दुसरा दोष अधिक छुपा आहे. प्रत्येक फ्रेमला केसाएवढी चूक होते आणि ती पुढच्या फ्रेमला वारशाने मिळते. जमीन मोजणाऱ्याची साखळी दर खेपेस अंगुळभर ढिली पडली तर शेताच्या दुसऱ्या टोकाला भाऊबंदकी उभी राहते, तसेच हे. म्हणून जाणते कारागीर आजही अधूनमधून यंत्र थांबवितात, बिंदू हाताने जागेवर आणून बसवितात, आणि मगच पुढे जातात. मशालजीची नजर अजून पुरती निवृत्त झालेली नाही.

त्यानंतरची पायरी आपल्या सर्वांच्या खिशात आहे. २००१ साली व्हायोला आणि जोन्स यांनी चित्रातील चेहरा चटकन हुडकण्याची रीत दाखविली. पुढे असंख्य चेहरे पाहून तयार झालेली यंत्रे आली, आणि बिंदू नेमून देण्याचीही गरज उरली नाही. नाक, डोळे, ओठ, जबड्याची कड हे सारे यंत्र आपणहून धरते. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी लोटणारा जनसमुदाय ड्रोनने टिपलेला आपण पाहतो; माणसाच्या मागे आपोआप उडत राहणारे ड्रोनही आता मिळतात. त्यांच्या पोटातही हाच पाठलाग आहे.

येथवर कौतुक झाले. आता जे बोलावयाचे ते थोडे जड मनाने.

'संत तुकारामा'तील विमान खोटे आहे हे तंबूत बसलेल्या आपल्या आजोबांना ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. विमान लाकडाचे असणार हे त्यांना पक्के माहीत होते. तरी त्यांनी हात जोडले. तिकीट काढून ते त्या खेळात शिरले होते, आणि पागनीसही तुकोबा व्हावयास राजी होते. फाळक्यांच्या नटाने खडूची रेघ पाळली म्हणजेच त्या किमयेला त्याने संमती दिली होती. किमया स्थिर होती तोवर तिला माणसाची संमती घ्यावीच लागे; तो हलला तर ती मोडत असे. आता किमया आपण होऊन मागे लागते. वरातीत नाचणाऱ्या एखाद्या मुलीचा चेहरा तिच्या नकळत उचलावा आणि भलत्याच देहावर असा चिकटवावा की तो देह वळेल तसा चेहरा वळेल, हे गेल्या सात-आठ वर्षांत कोणालाही करता येऊ लागले आहे. मुंबईच्या नटीच्या बाबतीत असे घडले की वर्तमानपत्रांत गवगवा होतो. आपल्यासारख्या गावात घडले तर मुलीचे शिक्षण बंद होते, आणि बाप कोणाशी न बोलता घरी बसतो. चित्र खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत सोयरिकी मोडलेल्या असतात.

म्हणून या पाठलागाच्या जुन्या खोडी आपण ओळखून ठेवलेल्या बऱ्या. चेहऱ्यावरून हात फिरला, ग्लास ओठाला लागला, पदर आडवा आला, की पताकेआड गेलेल्या टोपीसारखी चिकटविलेल्या चेहऱ्याची पकड क्षणभर सुटू शकते. मान पूर्ण बाजूला वळली की नाकाची कड डळमळते. केसांच्या सीमेवर, कानातल्या डुलांवर आणि दातांवर पाहावे. पण आम्ही भोळी आशा लावू इच्छित नाही; या खोडी दर वर्षी कमी होत आहेत. तेव्हा असे चित्र हाती आले तर पुढे न पाठविणे आणि त्या मुलीच्या घरी जाऊन आधी तिच्या बाजूने उभे राहणे, एवढे तरी कोणत्याही यंत्राशिवाय करता येते.

आरंभी सांगितलेल्या कॅसेटचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. त्या घरच्या मुलाने ती मध्यंतरी संगणकावर उतरवून घेतली आणि आईच्या नकळत एक प्रयोग केला. जुना बदाम जेथे होता तेथे त्याने नवा बदाम काढला आणि तो आईच्या चेहऱ्याला बांधला. पाया पडताना बदाम तिच्याबरोबर वाकला. पंखा दिसला नाही. मुलगा फार खूश झाला. मग मंगलाष्टके सुरू झाली आणि मध्ये अंतरपाट आला. बदाम थोडा थरथरला, पांढऱ्या अंतरपाटावर इकडे तिकडे घसरला, आणि अंतरपाट दूर होण्यापूर्वीच शेजारी उभ्या असलेल्या करवलीच्या हातातील कऱ्ह्यावर जाऊन घट्ट बसला. अक्षता पडल्या, हार घातले गेले, तरी तो तेथून हलला नाही. मुलाने आईला ते दाखविले. तिने दोन्ही पाहिले आणि पाहुण्यांपुढे जुनीच लावावयास सांगितली.